इंदूरचे रस्ते आणि प्रवास, दोन्हीला पुरेल अशी बाबागाडी कोणती घ्यावी?

दोनपिल्लांचीआई

मंडळी, सल्ला हवाय. मुलगी साडेतीन वर्षांची, मुलगा सात महिन्यांचा. राहतो सुदामानगरला, सासरचं जुनं घर रामबागेत, त्यामुळे तिकडे सारख्या फेऱ्या असतात. दिवाळीनंतर सासूसासऱ्यांना घेऊन ओंकारेश्वर-महेश्वर करायचंय आणि मग रेल्वेने पुण्याला बहिणीकडे.

थोरलीच्या वेळची प्रॅम आहे, पण मिटवली तरी डिकीत जात नाही. सीएनजीची टाकी बसवल्यापासून डिकी नावालाच उरली आहे. नवीन बघायला गेलं तर ऑनलाइन प्रत्येकच गाडी "ट्रॅव्हल". नवरा म्हणतो एका हाताने मिटणारी, खांद्याला अडकवता येणारी छोटी घेऊ. सासूबाई म्हणतात, कसल्या गाड्या घेता, कडेवर घ्या. माझी अडचण निराळीच आहे. आमच्या घरापासून भाजीवाल्यापर्यंत दोन गतिरोधक, रस्त्याच्या पातळीखाली गेलेले चेंबर आणि नर्मदेच्या पाण्याच्या लाइनसाठी खोदून कशीबशी बुजवलेली चर. त्या चिमुकल्या चाकांचं तिथे काय होणार?

बजेट पंधरा हजारांपर्यंत. दोघांसाठी जुळी घ्यावी का, हेही सांगा.

पोहेजलेबी

स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून आपण वरचा नंबर काढतोय तो कचऱ्यात, चेंबरच्या झाकणांत नाही. त्याची वेगळी स्पर्धा असती तर आपलं काही खरं नव्हतं. :)

रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडे जानेवारीत पाळणा हलणार आहे.

स्पॅनर

ताई, मिटण्याची पद्धत, रंग, कपहोल्डर हे सगळं बाजूला ठेवा आणि आधी पुढच्या चाकाचा व्यास मोजा. खडबडीत रस्त्याचा निम्मा निकाल तिथेच लागतो.

जरा गणित सांगतो, कंटाळा आला तर पुढच्या परिच्छेदावर जा. २ सेंटिमीटर उंचीची कड समोर आली आणि तुम्ही गाडी सरळ आडवी ढकलत राहिलात, तर १४ सेंमी व्यासाच्या चाकाला ती चढायला त्या चाकावर असलेल्या वजनाइतकाच जोर लागतो, जवळजवळ शंभर टक्के. व्यास ३० सेंमी असेल तर तोच जोर ५८ टक्क्यांवर येतो. कड ३ सेंमीची झाली की लहान चाकाला वजनाच्या जवळपास दीडपट जोर हवा, मोठ्याला पाऊणपट. म्हणजे कड एका सेंटिमीटरने वाढली की छोटी गाडी अडून बसते, तुमच्या पोटात हँडल रुततं आणि बाळ पट्ट्यावर पुढे येतं. केबिन साइझ (विमानाच्या केबिनमध्ये नेण्याजोग्या) म्हणून मिळतात त्या बहुतेक गाड्यांची चाकं १३ ते १५ सेंमीच्या आसपास असतात. ती विमानतळाच्या फरशीसाठी आणि मॉलसाठी बनवलेली आहेत, त्यांना दोष देऊन उपयोग नाही.

मग छोट्या चाकाच्या गाडीने रस्ता चालायचाच नाही का? चालायचा, पण कड आली की हँडल खाली दाबून पुढची चाकं उचलायची आणि कडेवर ठेवायची. उंच पायरी असेल तर गाडी फिरवून मागची चाकं आधी, उलटी ओढत न्यायची. ओढताना हँडल आपोआप थोडं वर उचललं जातं, त्यामुळे ढकलण्यापेक्षा ते सोपं पडतं. एकदा हात बसला की जमतं. फक्त प्रत्येक चेंबरला हे करायची तयारी हवी.

दुसरं, पुढची चाकं जोडीची आहेत की एकेरी? जोडचाकांच्या मधल्या फटीत खडी अडकते आणि चाक फिरायचं थांबतं. आपल्याकडे रस्ता उखडला की खडी महिनोन्‌महिने पडून असते. तिसरं, पुढची चाकं गोल फिरतात ती सरळ लॉक करता येतात का ते बघा. उखडलेल्या रस्त्यावर मोकळं चाक थडथड करत आडवं वळतं. लॉक केलं की निमूट सरळ जातं. चौथं, नाल्यावरच्या जाळीच्या पट्ट्या चाकाच्या दिशेने असतील तर बारीक चाक सरळ आत जातं. जाळी नेहमी तिरकी ओलांडा.

सस्पेन्शन लिहिलेलं असतं त्यावर फार विसंबू नका. स्वस्त गाडीत ती एक बोटभर स्प्रिंग असते आणि तिला हलायला जागाच नसते. दुकानात हँडलवर हात ठेवून दाबून बघा, चाकाजवळ काही हललं तर सस्पेन्शन आहे.

रामबागवाली

स्पॅनरदादांचं गणित बरोबर असेल, पण ते गाडी ढकलण्याचं झालं. आमचं अर्धं आयुष्य गाडी *उचलण्यात* जातं, त्याचं काय?

आमचं घर जुनं. ओटल्याच्या पायऱ्या, मग उंबरठा, मग बोळ, आणि राहायचं वर. खाली रिक्षावाला हॉर्न वाजवतोय, एका हातात पोर, दुसऱ्या हातात दुधाची बाटली. अशा वेळी बारा किलोची तीनचाकी घेऊन कुठे जाणार? रिक्षात ती ठेवली की माणसांनी बसायचं कुठे, हाही प्रश्नच. मी सहा किलोच्या आतली साधी छत्रीगाडी, म्हणजे छत्रीसारखी लांबट मिटणारी, वापरते. रस्ता खराब आला की पोर कडेवर आणि गाडी मिटवून काखेत. सासूबाई "कडेवर घ्या" म्हणतात त्यात तथ्य आहे, फक्त सगळा वेळ नाही.

स्पॅनर

रामबागवाली, मान्य. पण छत्रीगाडीला दोन वेगळ्या मुठी असतात, एका हाताने ढकलली की ती वळते. ताईंचा दुसरा हात साडेतीन वर्षांच्या मुलीने धरलेला असणार.

रामबागवाली

हे मात्र खरं. माझं एकच आहे, त्यामुळे लक्षात आलं नव्हतं.

ओटलेकर

वाचतोय केव्हापासून. कुणीच विचारलं नाही म्हणून मी विचारतो : गाडी ढकलणार कोण? आमच्या घरी संध्याकाळी हे काम माझ्याकडे आहे आणि मी सहा फुटांना जरा कमी. सुनेने आणलेल्या गाडीचं हँडल तिच्या मापाचं. बागेपर्यंत जाऊन आलो की कंबर धरते, शिवाय चालताना पाय मागच्या ब्रेकच्या दांडीवर आपटतो. आता हँडल वरखाली होणारी घेतली, तेव्हा भांडण मिटलं. सुनबाई, सासऱ्यांना दुकानात बरोबर न्या आणि त्यांना चार पावलं चालवून बघा.

एक गंमत सांगतो. ही छत्रीगाडी काढली ती एका आजोबानेच. ओवेन मॅक्लारेन नावाचे इंग्रज इंजिनिअर, स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर काम केलेले. नातीची अवजड गाडी घेऊन प्रवास करताना लेकीची होणारी ओढाताण बघितली आणि १९६५ मध्ये ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, तीन किलोच्याही आत बसणारी मिटती गाडी बनवली. विमानाची चाकं पंखांत घडी होऊन जातात ती विद्या नातीच्या कामी आली. आमच्या पिढीला कुणी बिनकामाचं म्हणू नये एवढंच.

मालवी_मिरची

जुळीबद्दल सांगते, माझ्याकडे आहे (जुळी मुलं, जुळी गाडी). शेजारी-शेजारी बसवायची घेतली तर आधी घरातल्या सगळ्यात अरुंद दाराचं माप घ्या. नव्या फ्लॅटची लिफ्ट, मेडिकलचं दार, मंदिराची रेलिंग, तिन्हीकडे अडते. पुढे-मागे बसवायची गाडी दारातून जाते, पण लांबीमुळे कड चढवताना दोन्ही मुलांचं वजन उचलावं लागतं आणि मनगटं जातात.

तुमची मोठी साडेतीनची आहे. ती सहा महिन्यांत गाडीत बसायला नाही म्हणेल, आत्ताच म्हणत नसेल तर आश्चर्य. तुम्हाला जुळी नको. एकेरी घ्या आणि मागे जोडायची उभं राहायची फळी मिळते ती बघा, खाली चाकं असतात, दमली की मुलगी त्यावर उभी राहते. बहुतेक फळ्यांची मर्यादा २० किलोपर्यंत असते. मात्र ती प्रत्येक गाडीला बसत नाही, आणि ढकलणाऱ्याला पाय टाकायला जागा कमी उरते. ओटलेकरकाकांना अजिबात चालणार नाही. :)

दोनपिल्लांचीआई

सगळ्यांना धन्यवाद! मुलगी खरंच "मी बाळ नाही" म्हणते आणि संध्याकाळी सातनंतर बाळ होते. वजन १४ किलो. ती अधूनमधून बसलेली चालेल ना?

पलासियाची_सिस्टर

बालरुग्ण विभागात काम करते म्हणून चार गोष्टी सांगते.

वजनाचं आधी. आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांवर १५ किलोची मर्यादा लिहिलेली असते. तुमची मुलगी तिथे पोचलीच आहे, आणि खालच्या बास्केटमध्ये सामान पडणार ते वेगळं. युरोपच्या ईएन १८८८ या मानकाचा पहिला भाग १५ किलोपर्यंतच्या मुलांच्या गाड्यांसाठी आहे आणि दुसरा १५ ते २२ किलोसाठी. लेबलवर २२ किलो असेल तर दोघंही आलटून पालटून बसू शकतील. "मजबूत आहे, काही होत नाही" असं दुकानदार म्हणेल, पण तुम्ही लेबल वाचा.

सात महिन्यांचं बाळ आधाराने बसतं, पण झोपलं की मान पुढे पडते. त्यामुळे पाठ पुरेशी मागे जायला हवी. सगळ्यात छोट्या गाड्यांत काहींची पाठ जेमतेम कलते. पोहेजलेबी, तुमच्या जानेवारीच्या बाळाला तर पहिले सहा महिने जवळजवळ आडवं झोपवणारीच गाडी लागेल, नुसत्या बसायच्या गाडीत घालू नका.

पट्टे पाच ठिकाणचे हवेत : दोन खांदे, दोन कमरेचे आणि एक पायांमधला. पायांमधला नसेल तर गचका बसला की मूल खाली घसरतं. आणि गाडी खडबडीत रस्त्यावर नेणार असाल तर दोन मिनिटांसाठीसुद्धा पट्टे लावायचेच.

आता सगळ्यात कळकळीने. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा आया गाडीवर ओढणी किंवा दुपट्टा टाकून चारी बाजू बंद करतात. ऊन अडतं, पण हवाही अडते, आणि आत बाहेरच्यापेक्षा जास्त तापतं. बाळ लालबुंद होतं आणि आईला वाटतं गाढ झोपलंय. छत मोठं असलेली गाडी घ्या, मागे जाळीची खिडकी असेल तर उत्तम. दुपारी बाहेर नेऊच नका. आणि गाडी बसकी असेल तर लक्षात ठेवा, मूल तापलेल्या रस्त्याच्या आपल्यापेक्षा पुष्कळ जवळ असतं. सायलेन्सरच्या धुराच्याही.

हँडलला पिशव्या लटकवू नका. हलक्या गाडीतून मूल उचललं की गाडी मागे कोलमडते. मूल आत असताना कोलमडली तर काय होतं ते मी बघितलेलं आहे, इथे लिहीत नाही.

रामबागवाली

सिस्टर, दोन किलो बटाटे हँडललाच असतात. आजपासून बंद.

नर्मदातीर

मूळ प्रश्नातल्या सहलीबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. माझं गाव त्याच पट्ट्यातलं.

ओंकारेश्वरला गाडी खोलीवर ठेवा. पूल ओलांडेपर्यंत ढकलता येईल, पुढे गर्दी, दुकानांमधली चिंचोळी वाट आणि पायऱ्या. घाटावर तर प्रश्नच नाही. दर्शनाच्या रांगेत गाडी मिटवून हातात धरावी लागली तर आपण आणि मागचे लोक दोघंही वैतागतो. तिथे बाळाला अंगाला बांधायचं कॅरिअर न्या. कॅरिअर असं बघा की मांड्यांना गुडघ्यापर्यंत आधार मिळेल आणि गुडघे कुल्ल्यांपेक्षा वर राहतील. नुसते पाय लोंबकळणारं नको. बाळाचं तोंड तुमच्या छातीकडे.

महेश्वरला वरच्या बाजूला, अहिल्याबाईंच्या वाड्यापर्यंत, गाडी चालते. खाली घाटावर उतरायला पायऱ्याच पायऱ्या. एकदा खाली पोचलात की घाट लांबच लांब फरशीचा आहे, पण नदीकाठी उतार असतो. ब्रेक दोन्ही चाकांना लागतो ना ते तपासा, आणि हँडलची दोरी मनगटात अडकवा. दोरी नसेल तर साधी नाडी बांधा. पाण्याकडे तोंड करून गाडी कधीही उभी करू नका, आडवी लावा.

मांडू जोडणार असाल तर जहाज महालाच्या आवारात वाटा बऱ्या आहेत, वरचा मजला सोडून द्यायचा. आणि गाडीची खरी मजा घ्यायची तर उज्जैनला जा. महाकाल मंदिरालगतचा महाकाल लोक, जो २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला, तो साधारण ९०० मीटरचा सपाट पट्टा आहे. मुलं गाडीत, आजीआजोबा रमतगमत. फक्त फरशी तापायच्या आत, सकाळी.

पोहेजलेबी

शहरात असाच सपाट पट्टा म्हणजे छप्पन दुकान, आपली खाऊगल्ली. २०२० मध्ये नव्याने बांधलं तेव्हापासून आत गाड्या नाहीत. तिथे कुठलीही बाबागाडी लोण्यासारखी जाते आणि त्यावरून तिची परीक्षा करू नये. उलट रात्री सराफ्यात, खाण्याच्या बाजारात, कुणी बाबागाडी आणली तर मी स्वतः त्याला हात जोडतो. भिया, तिथे माणसाला वळायला जागा नाही.

स्पॅनर

रेल्वेचं राहिलं. डब्यात चढताना मूल आधी बाहेर, गाडी मिटलेली, आणि दोन माणसं : एक मुलाला घेणारं, एक गाडी वर देणारं. प्लॅटफॉर्म आणि डब्याच्या मधल्या फटीवरून मुलासकट गाडी उचलून न्यायचा प्रयत्न लोक करतात, तो करू नका. छत्रीगाडी मिटली की बारीक पण मीटरभर लांब होते, बर्थखाली लांबीत सरकते. चौकोनी मिटणारी आखूड होते पण जाड राहते, मग बर्थखाली सुटकेसशी भांडते. तुमचे चार जण आणि सामान बघता लोअर बर्थखालची जागा आधीच वाटून घ्या.

विमानाचं विचारलं नाही, तरी नवऱ्याच्या "खांद्याला अडकवायच्या" गाडीसाठी एक. त्या वर्गातली सगळ्यांना माहीत असलेली योयो मिटल्यावर ५२ × ४४ × १८ सेंमी होते आणि सहा किलोंच्या थोडी वर भरते. आपल्याकडे केबिन बॅगेची मर्यादा साधारण ५५ × ३५ × २५ असते. ४४ कुठे, ३५ कुठे. केबिनमध्ये नेऊ देणं त्या दिवशीच्या कर्मचाऱ्यांच्या मर्जीवर. नाही दिली तर विमानाच्या दाराशी सोपवायची, बाळाची गाडी म्हणून सहसा वेगळे पैसे लागत नाहीत. त्यामुळे फक्त विमानासाठी म्हणून चाकं लहान करून घेण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

रामबागवाली

मग दादा, तुम्ही सांगा ना नाव घेऊन, कोणती घ्यावी.

स्पॅनर

नाव सांगणार नाही, मॉडेल दर सहा महिन्यांनी बदलतात आणि त्याच नावाखाली चाकं वेगळी येतात. माप सांगतो. ताईंसाठी : पुढची चाकं निदान १८ सेंमी, मागची त्याहून मोठी, एकेरी, लॉक होणारी. एक सलग हँडल. वजन आठ-नऊ किलोच्या आत. मोठ्या हवेच्या टायरची तीनचाकी रस्त्यावर राजा आहे, पण डिकीत टाकी आहे आणि रामबागेत पायऱ्या आहेत, म्हणून ती यादीतून बाद. चाक फोमचं असलं तरी वरून रबराचा थर असेल तर घ्या, नुसतं कडक प्लॅस्टिक नको, ते वाजतं आणि झिजतं.

दुकानात रिकामी गाडी सगळ्याच छान चालतात. बरोबर आट्याची दहा किलोची पिशवी न्या, सीटमध्ये ठेवा, पट्टे लावा आणि दुकानाच्या पायरीवरून खाली-वर करून बघा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. मग ती मिटवून तुमच्या डिकीत ठेवून बघा. एवढं करू देत नसेल तर पुढचं दुकान.

ओटलेकर

आणि मिटवताना बोटं! बिजागऱ्यांवर झाकण आहे का बघा. नातू "मी बंद करतो" म्हणून पुढे येतोच.

दोनपिल्लांचीआई

अपडेट. काल आटा घेऊन गेलो. :) सासरेही आले. पहिल्या दुकानात नवऱ्याच्या आवडीची छोटी पायरीवरच अडली, तेव्हा तो स्वतःच "राहू दे" म्हणाला. शेवटी १९ सेंमीच्या चाकांची घेतली, लेबलवर २२ किलो, हँडल वरखाली होतं, पाठ चांगली मागे जाते. मिटवल्यावर डिकीत तिरकी बसते. साडेआठ किलो, त्यामुळे रामबागेच्या पायऱ्यांवर नवऱ्याची ड्यूटी. बजेट थोडं ओलांडलं. फळी घेतली नाही. मुलगी दमली की ती बसणार आणि बाळ कॅरिअरमध्ये, असं ठरलंय. कॅरिअर नणंदेचं मिळालं.

आज चरीवर नेऊन बघितली. लॉक लावलं की जाते. लॉक काढायचं विसरलं तर वळत नाही, हेही कळलं.

आता काळजी काय घ्यायची? धूळ इतकी आहे की दोन फेऱ्यांत चाकं पांढरी झाली.

स्पॅनर

अभिनंदन. चाकं ओल्या फडक्याने पुसा, आसाभोवती केस आणि धागे गुंडाळले जातात ते काढत राहा, चाक जड होण्याचं कारण बहुतेक वेळा तेच असतं. कुरकुर आली तर तेल-ग्रीस ओतू नका, धूळ चिकटून वाटण होईल. कोरडा सिलिकॉन स्प्रे मिळतो, तो एकदा मारा. ब्रेकवर आणि रबरावर उडू देऊ नका. दर महिन्याला चाक धरून डावी-उजवीकडे हलवून बघा, खडखडलं तर क्लिप किंवा बोल्ट सैल आहे.

पोहेजलेबी

आणि दुकानदाराने तो आटा विकत मागितला का? :)

दोनपिल्लांचीआई

नाही हो, पण एका गिऱ्हाइकाने विचारलं, ही पिशवी गाडीबरोबर फ्री आहे का म्हणून!